कपाटातले टोमॅटो : प्रकल्प नोंदी

2 मार्च
कपाट रिकामं केलं. पांघरुणं पलंगाखाली गेली, त्यावर आईनं काहीही न बोलता फक्त बघितलं. आतली मापं : रुंदी 90 सेंमी, खोली 55 सेंमी, उंची 180 सेंमी. म्हणजे जमीन अर्धा चौरस मीटरला जराशी कमी आणि आत हवा एक घनमीटरसुद्धा नाही. आकडा लिहिल्यावर जाणवलं की ही खोली नाही, डबा आहे. डब्यात दिवा लावला की काय होतं ते बघायचंय.

पीक ठरलंय : मायक्रो-टॉम. 1989 साली फ्लोरिडात शोभेच्या कुंडीसाठी तयार केलेली बुटकी जात. उंची वीतभर, फळ गोटीएवढं. पुढे प्रयोगशाळांनी ती उचलली, कारण जागा कमी खाते आणि लवकर फळते. उंच वेलासारख्या वाढणाऱ्या जाती कपाटात दिव्याला जाऊन भिडतील. दुसरं कारण म्हणजे टोमॅटोला फूल येण्यासाठी दिवस-रात्रीच्या लांबीचा हिशोब फारसा लागत नाही. शेवंती असती तर लांब अंधारी रात्र द्यावी लागली असती आणि दाराच्या फटीतून आलेल्या उजेडानंही घोळ घातला असता. नवशिक्यानं एका वेळी एकच भानगड अंगावर घ्यावी.

3 मार्च
आतला सनमायका तपकिरी होता, सगळा उजेड गिळणारा. पांढरा मॅट रंग दिला, दोन हात. चकचकीत चांदीचा कागद लावावा असंही मनात होतं, पण तो सुरकुततो आणि मागे ओल साठते. रंग पुसता येतो.

4 मार्च
दिवा टांगला. 100 वॅटचा पांढरा एलईडी बोर्ड, उजेड कमी-जास्त करायचं बटण असलेला. दोन साखळ्यांवर लटकवलाय, म्हणजे कडी-कडी करून वर-खाली करता येईल.

विजेचं काम मात्र सावकाश केलं. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवायचा नाही, भिंतीवर कुंड्यांच्या वर स्क्रूनं बसवायचा. प्रत्येक तारेला प्लगच्या आधी खाली झोळ द्यायचा, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी झोळापाशी टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही. घरच्या आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबून बघितलं, खटकन पडला. पाणी आणि वीज एका डब्यात कोंडताना हे आधी बघायचं, बाकी सगळं नंतर.

5 मार्च
मागच्या प्लायला दोन भोकं पाडली. खाली हवा आत यायला, वर बाहेर जायला. वरच्या भोकावर 12 सेंमीचा कॉम्प्युटरचा पंखा, हवा बाहेर फेकणारा. खालचं भोक मुद्दाम मोठं ठेवलं, नाहीतर पंखा नुसताच धापा टाकतो. तपासायला टिश्यू पेपरची पट्टी खालच्या भोकासमोर धरली, ती आत ओढली गेली. शिवाय क्लिपवाला एक लहान पंखा आत, झाडांच्या उंचीवर. त्याचं काम हवा बदलायचं नाही, पानं हलवत ठेवायचं आहे.

7 मार्च
रोप नसताना दोन दिवस रिकामं कपाट चालवलं. घाई न करता केलेली ही एकच गोष्ट, आणि तिनंच सगळ्यात जास्त शिकवलं. खोलीत 26 अंश. पंखा बंद, दार लावलेलं : आत 34. पंखा चालू : 28.5. एलईडी गरम होत नाही असं सगळे म्हणतात. होतो. 100 वॅट आत गेले की शेवटी जवळजवळ सगळ्यांची उष्णताच होते, मग दिवा कुठल्याही जातीचा असो. फरक इतकाच की त्याच विजेत उजेड जास्त मिळतो. दिव्याचा अडॅप्टर बाहेर काढून कपाटाच्या डोक्यावर ठेवला तर आत आणखी एक अंश उतरला.

9 मार्च
पेरणी. आधी कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची, साफसफाई. वीट पाण्यात फुगवली, पिळली, ते पाणी ईसी मीटरनं (पाण्यातले क्षार मोजणाऱ्या) मोजलं : 2.1. म्हणजे मिठाचं आगर. तीन पाण्यांनी धुतल्यावर 0.5. मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवलं होतं. नारळाचा भुसा कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवतो आणि बदल्यात पोटॅशियम-सोडियम सोडतो, म्हणून त्याचं पोट आधी भरलेलं बरं. नाहीतर रोपाच्या ताटातलं तोच खातो.

12 बिया, अर्धा सेंमी खोल, वर प्लास्टिकचं झाकण. बी रुजेपर्यंत उजेडाची गरज नाही, ऊब हवी. दिवा बंदच.

14 मार्च
नऊ उगवल्या. सगळ्या मान वाकवून, पाठीनं माती ढकलत वर आल्यात. दिवा लावला, निम्म्यावर, 16 तास.

एकीच्या डोक्यावर बीचं टरफल तसंच अडकलंय, टोपी घातल्यासारखं. दोन्ही बीजपत्रं आत मिटलेली. पाण्याचा थेंब ठेवला, दहा मिनिटं थांबायचं होतं, मी तीनच थांबले. सुईनं उचकटलं आणि टोपीबरोबर एक बीजपत्र अर्धं फाटून आलं. वहीत लिहिते आहे म्हणजे पुढच्या वेळी आठवेल : दहा मिनिटं म्हणजे दहा.

17 मार्च
रोपं शेलाटी झालीत, देठ दोऱ्यासारखे. उजेड कमी पडतोय. माझ्या डोळ्यांना तर कपाट लखलखीत दिसतंय, पण डोळ्यांवर विसंबून उपयोग नाही, बाहुली लहान होते आणि सगळं सारखंच वाटतं. लक्स मीटर रोपांच्या उंचीवर धरला : 6,500. पांढऱ्या एलईडीसाठी ढोबळ हिशोब असा की लक्सला 70 नं भागलं की झाडाच्या कामाचा उजेड मायक्रोमोलमध्ये येतो, म्हणजे एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती प्रकाशकण पडतात ते. म्हणजे 93. दिवा 70 वरून 45 सेंमीवर आणला : 13,000 लक्स, म्हणजे साधारण 186. बाहेर दुपारच्या लख्ख उन्हात हाच मीटर लाखाच्या घरात जातो. अंगणातलं झाड किती श्रीमंत असतं ते तेव्हा कळलं.

देठांभोवती थोडं कोकोपीट चढवलं. टोमॅटोच्या खोडाला मुळं फुटतात, त्यामुळे ही चूक पोटात घालता येते.

19 मार्च
दिवा 24 तासच ठेवला तर? दीडपट उजेड मिळेल. वाचत बसले आणि बरं झालं. टोमॅटोला अखंड उजेड सोसत नाही, पानं पिवळी पडून ठिपकेदार होतात, वाढ खुंटते. रानटी टोमॅटोंना मात्र चालतं. 2014 मध्ये नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनच्या संशोधकांनी हा गुण रानटी जातीतल्या कॅब-13 या जनुकाशी जोडून दाखवला. आपल्या लागवडीच्या टोमॅटोला रात्र लागते. 16 तास उजेड, 8 तास अंधार, ठरलं.

22 मार्च
सकाळी दोन रोपं आडवी. पानं हिरवीगार, पण मातीलगत देठ चिमटीत धरून दाबल्यासारखा बारीक आणि तपकिरी. मर रोग. बुरशीचं काम, पण तिला बोलावलं मी. झाकण वेळेवर काढलं नव्हतं आणि रोज सकाळ-संध्याकाळ फवारा मारत होते, माया म्हणून. जोडीला कोकोपीटवर चिलटांसारखे काळे किडे नाचतायत. त्यांच्या अळ्या ओल्या थरातच वाढतात, बारीक मुळं कुरतडतात.

झाकण गेलं, फवारा गेला. पिवळे चिकट सापळे आडवे ठेवले, उभे नाही, कारण हे किडे उंच उडत नाहीत. वरचा थर सुकू द्यायचा. सात उरलीत.

30 मार्च
कुंड्या बदलल्या. दीड लिटरच्या सहा. सातवं, अर्ध्या बीजपत्राचं रोप, टाकून द्यायचं होतं. ते सगळ्यात ठेंगणं आणि जाड देठाचं निघालं. त्याला ठेवलं आणि एक उंच, वाकडं रोप काढलं. कोकोपीट दोन भाग, पर्लाईट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) एक भाग. बीजपत्रांपर्यंत खोल पुरली. दिवा पूर्ण.

मोजमाप : 21,000 लक्स, म्हणजे 300. 16 तासांचे 57,600 सेकंद, गुणाकार केला की दिवसाला 17 मोल (दहा लाख मायक्रोमोलचा एक मोल). टोमॅटोला यापेक्षा जास्त आवडलं असतं, पण बुटक्या जातीला एवढ्यात भागवता यावं. कडेच्या कुंड्यांना 15,000 लक्सच मिळतात. दर तीन दिवसांनी जागा बदलायची.

5 एप्रिल
खत : 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला अर्धा ग्रॅम, आणि एक दिवस आड कॅल्शियम नायट्रेट वेगळं. दोन्ही घट्ट करून एकाच बाटलीत मिसळायची नाहीत, फॉस्फेट आणि कॅल्शियम मिळून तळाला चुन्यासारखा गाळ बसतो. मी मिसळलं नाही. मिसळून बघावंसं मात्र वाटलं. पाण्याचा सामू (पीएच) 6 च्या आसपास ठेवतेय.

11 एप्रिल
पानं लोंबली. पाणी दिलं. संध्याकाळी आणखी लोंबली.

12 एप्रिल
कालच्या नोंदीचं उत्तर : तहान नव्हती, बुडाली होती. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि हवा कोंडली की झाड पाण्यात उभं राहूनही तहानलेल्यासारखं मान टाकतं. दोन्ही दुखण्यांचा चेहरा एकच, म्हणून मी फसले.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे माती ओलीही आहे आणि मोकळीही, तो कुंडीत ओळखायचा कसा? बोट घालून वरचा थरच कळतो. शेवटी वजनकाटा आणला. भरपूर पाणी देऊन निथळू दिलेली कुंडी : 1,340 ग्रॅम. आजचं वजन 1,290. म्हणजे मी काल भरलेल्या घागरीत ओतत होते. ठरवलं की 900 च्या खाली आल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही.

15 एप्रिल
तीन दिवस पाणी नाही. 880 झाली. आता दिलं, खालून थोडं निथळेपर्यंत. पानं ताठ. काळे किडेही जवळजवळ संपले. आता काट्याचीही गरज राहिली नाही, कुंडी उचलली की हाताला कळतं. चार दिवसांत हात शिकला, डोळे सहा आठवड्यांत शिकले नव्हते.

21 एप्रिल
पहिलं फूल. पिवळं, पाकळ्या मागे वळलेल्या, मधे पुंकेसरांचा चिकटून झालेला शंकू.

कपाटात वारा माझा, रात्र माझी, आता मधमाशीही मलाच व्हायचंय. खरं तर मधमाशीला हे काम जमतच नाही. टोमॅटोचे पराग पुंकेसरांच्या आत कोंडलेले असतात आणि ते हादरवल्याशिवाय सुटत नाहीत. भुंगे फुलाला लोंबकळून अंग थरथरवतात तेव्हा पराग खाली सांडतात. मोठ्या हरितगृहांत त्यासाठी बंबलबी जातीच्या माश्या पाळतात. माझ्याकडे जुना विजेचा टूथब्रश आहे. ब्रशची पाठ फुलाच्या देठाला टेकवली, फुलाला नाही. दोन सेकंद गुणगुण. खाली काळा कागद धरला होता, त्यावर काही नाही.

22 एप्रिल
काही नाही.

24 एप्रिल
चार फुलं उघडलीत. कागद कोराच. फूल चिमटीत फोडून बघितलं, आत पराग आहेत, पण गोळा होऊन चिकटलेले, ओल्या पिठासारखे.

25 एप्रिल
कारण सापडलं, आणि ते गेला दीड महिना माझ्या डोळ्यांसमोर होतं. वरचा पंखा मी दिव्याच्याच टायमरवर लावला होता. दिवा बंद की पंखा बंद. रात्रभर सहा झाडं दार लावलेल्या डब्यात. रोपं लहान होती तोवर निभावलं. आज उजेड व्हायच्या आधी दार उघडलं : आर्द्रता 93 टक्के, दाराच्या आतल्या बाजूनं पाणी ओघळतंय, आणि प्लायची खालची कड बोटभर फुगलीये. बोट दाबलं तर बिस्किटासारखी भुगा झाली.

दुपारपर्यंतही आतला ओलावा पुरता उतरत नसे. ओल्या हवेत पराग चिकटतात, फार कोरड्या हवेत फुलावर टिकत नाहीत. पंखा वेगळ्या प्लगवर, 24 तास. प्लायच्या कडेला वाळवून ऑइलपेंट. आई म्हणाली, "कपाट माझ्या लग्नातलं आहे गं." एवढंच.

28 एप्रिल
रात्रीची आर्द्रता 68. सकाळी अकराच्या सुमारास ब्रश लावला आणि काळ्या कागदावर फिकट पिवळी धूळ पडली, चिमूटभरही नाही, फुंकर मारली तर उडेल एवढी. दारात उभी राहून आईला हाक मारली. तिनं चष्मा लावून बघितली. "ही? एवढीशी?"

4 मे
फळधारणा. वाळलेल्या फुलाच्या मागे टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी गाठ. सहा झाडांवर मिळून 31 मोजल्या. आधीची चार फुलं देठातून गळून गेली.

बगलफुटी, म्हणजे पानाच्या बेचक्यातून फुटणाऱ्या फांद्या, काढायच्या नाहीत. ही जात ठरावीक उंचीला थांबते आणि फांद्यांवरच फळते. उंच जातींचा नियम इथे लावला तर अर्धं पीक आपणच खुडतो.

8 ते 12 मे
गावाला. निघताना कुंड्या काठोकाठ पाजल्या. आईला "नको, ओतू नकोस, जास्त होतं" असं तीनदा सांगून गेले. तिनं अक्षरशः ऐकलं. परत आले तेव्हा सगळी झाडं माना टाकून, कुंडी 610 ग्रॅम. पाणी दिल्यावर दोन तासांत उभी राहिली. वाटलं, सुटलो.

19 मे
सुटलो नव्हतो. सात फळांच्या बुडाशी, देठाच्या विरुद्ध टोकाला, पाणी धरल्यासारखा डाग, मग तो काळा आणि चामड्यासारखा चपटा. किडीनं नाही, बुरशीनंही नाही. कॅल्शियमची उपासमार.

गंमत अशी की कुंडीत कॅल्शियम भरपूर आहे. पण ते झाडात फक्त पाण्याच्या ओघाबरोबर चढतं, आणि एकदा पानात जाऊन बसलं की तिथून फळाकडे परत येत नाही. पानं पाणी उडवतात म्हणून ओघ त्यांच्याकडे, फळाच्या गुळगुळीत सालीतून फारसं काही उडत नाही म्हणून त्याच्या वाट्याला थेंब. त्यात चार दिवस नळच बंद. फळ नेमकं भरत होतं तेव्हा. आता वरून कॅल्शियम फवारून उपयोग नाही, डाग परत हिरवा होत नाही. सातही तोडली. उरलेल्यांना पाणी एका लयीत मिळालं पाहिजे, बास.

आईशी बोलणं झालं. तिलाही कुंडी उचलून बघायला शिकवलं. तिचा अंदाज माझ्यापेक्षा नेमका आहे, दहा-वीस ग्रॅमच्या आत.

24 मे
बाहेर तापलंय. दुपारी खोलीत 31, कपाटात 34. पहिली चार फळं पिकायला लागलीत, पण लाल नाही, फिकट नारिंगी. 30 अंशांच्या वर लाल रंगाचं लायकोपीन नीट बनत नाही, पिवळा रंग मात्र टिकतो. फुलंही गळतायत.

एसी लावायचा विचार एक मिनिट केला. मग लक्षात आलं की दिवस कधी उगवायचा ते इथे मीच ठरवते. टायमर फिरवला. आता कपाटात सूर्य रात्री आठला उगवतो आणि दुपारी बाराला मावळतो. बाहेर सगळ्यात जास्त उकडतं तेव्हा आत मध्यरात्र. एका फटक्यात बदलला, झाडांनी एक दिवस पानं जरा वेडीवाकडी केली.

26 मे
आत जास्तीत जास्त 29, बहुतेक वेळ 27. रात्री कपाटाच्या फटीतून खोलीत पांढऱ्या रेघा पडतात. झोपताना डोळ्यांवर फडकं. फटींना दारं-खिडक्यांना लावतात ती फोमची पट्टी लावली, बिजागरीकडची रेघ तरी उरलीच.

31 मे
पहिलं खरंखुरं लाल. पेरणीपासून 83 दिवस. वजन 9 ग्रॅम. सुरीनं दोन भाग केले, एक आईला. साल जाड आहे, आत आंबटपणा जास्त, गोडी नंतर येते. उगाच कौतुक करायचं तर अप्रतिम म्हणता येईल. चव मध्यम आहे. ही जात कुंडीत छान दिसावी म्हणून काढली होती, ताटासाठी नाही, आणि ती प्रामाणिक आहे.

9 जून
बहुतेक फळं उतरवली. एकूण 88 फळं, 740 ग्रॅम. सर्वांत जास्त, 19 फळं, अर्ध्या बीजपत्राच्या झाडाला. सर्वांत कमी डाव्या कोपऱ्यातल्याला. जागा बदलायचं मे महिन्यात विसरलेच होते.

विजेचा हिशोब : दिवा पूर्ण चालला तेव्हा दिवसाला 1.6 युनिट, पंखे धरून एकूण 140 युनिटांच्या आसपास. म्हणजे किलोमागे जवळपास 190 युनिट. हा आकडा आईला सांगितलेला नाही.

10 जून
अर्ध्या बीजपत्राच्या झाडाची तीन पिकलेली फळं फोडून गर ग्लासात काढला, थोडं पाणी घातलं. दोन दिवस आंबू द्यायचं, म्हणजे बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं. ते असेपर्यंत बी रुजायला कुरकुरते. वर पांढरी साय धरेल आणि वासही येईल, म्हणून ग्लास कपाटातच, खालच्या खणात. चिठ्ठी लावली : "टोपीवाली. 10 जून." खाली आईच्या अक्षरात : "ओतू नये."